हक्काची यादी आणि यादीचा हक्क

कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटात २६ जुलै १९०२ रोजी जो हुकूम प्रसिद्ध झाला त्याचा अंमल शिरोळात होता, कुरुंदवाडात नव्हता. शाहू छत्रपती त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत होते. संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्यात याव्यात, असे त्या हुकुमाने ठरविले आणि ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे मागासलेले, अशी मागासलेपणाची व्याख्याही करून टाकली. या हुकुमाचे देशाच्या इतिहासातील स्थान शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु शिरोळपासून काही मैलांवर, कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत वसलेले कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानचे गाव होते. थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखांत वाटल्या गेलेल्या या संस्थानची गावे चहूकडे विखुरलेली होती, काही तर थेट बेळगावजवळ होती. तेथे छत्रपतींचे गॅझेट चालत नव्हते. एकाच जातीचे, एकाच नदीचे पाणी पिणारे, एकमेकांच्या लेकी सुना म्हणून घरात आणणारे दोन शेतकरी. त्यांपैकी शिरोळच्या शेतकऱ्याचा मुलगा ‘मागासलेला’ म्हणून दरबारच्या कचेरीत जागा मागू शकत होता आणि कुरुंदवाडच्या शेतकऱ्याच्या मुलाला तो शब्दच लागू पडत नव्हता.

मार्च १९४८ मध्ये पटवर्धनांची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. एका वर्षाने, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूरही विलीन झाले. हद्दीचे दगड उखडले गेले आणि लवकरच सर्व नागरिकांना समान हक्क देणारी राज्यघटना आली. त्यानंतर कोणत्या माणसाला कोणता हक्क आहे हे तो कोणाच्या हद्दीत उभा आहे यावर अवलंबून राहणार नाही, अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, कायद्यापुढील समानता या हक्कांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही ठरली. मात्र काही हक्क असे आहेत की ते घटनेने दिले तरी कोणाला दिले हे घटनेत लिहिलेले नसते. ते एका यादीत लिहिलेले असते. नोकऱ्या आणि शिक्षण यांतील राखीव जागांचा हक्क हा त्या प्रकारचा आहे. अशा हक्काच्या बाबतीत यादी करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती हक्क देण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार राहतो. केंद्र आणि राज्ये यांच्यातील सत्तेच्या वाटणीची चर्चा आपल्याकडे बहुधा कर, अनुदाने, राज्यपाल आणि ३५६ वे कलम यांभोवती फिरते. सामान्य घरांतील मुलांच्या आयुष्याला अधिक जवळून भिडणारी वाटणी मात्र या यादीपाशी झालेली आहे, आणि ती गेल्या काही वर्षांत सुमारे तीन महिन्यांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन आली आहे.

घटनाकारांच्या मनात काय होते याविषयी संशय राहावा अशी स्थिती नाही. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत दोन निरनिराळ्या प्रसंगी दोन निरनिराळी उत्तरे दिली आणि ती दोन्ही विचारपूर्वक दिलेली होती. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी नोकऱ्यांतील राखीव जागांच्या कलमावर बोलताना ‘मागास’ म्हणजे कोण, या प्रश्नाला त्यांनी असे उत्तर दिले की, हा निर्णय प्रत्येक प्रांतिक सरकारवर सोपविला आहे. सरकारच्या मते जो समाज मागासलेला, तो मागासलेला. १७ सप्टेंबर १९४९ रोजी अनुसूचित जाती व जमातींच्या याद्यांवर बोलताना मात्र त्यांनी वेगळी भूमिका घेतली. ती यादी राष्ट्रपती प्रसिद्ध करतील आणि त्यानंतर तिच्यात फेरफार केवळ संसदच करू शकेल. प्रांतोप्रांतीच्या राजकीय सोयीसाठी तिच्याशी खेळ होऊ नये, असा त्यामागील हेतू त्यांनी सांगितला. अस्पृश्यतेचा आणि वनवासी जीवनाचा वारसा हा अखिल भारतीय विषय होता, त्याला केंद्राचे कुलूप लावले गेले. इतर मागासलेपण प्रांतागणिक बदलते, म्हणून त्याची किल्ली प्रांतांकडे ठेवली गेली. (याच १९४८ च्या भाषणात राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, एरवी समान संधीचे तत्त्वच गिळले जाईल, असेही त्यांनी बजावले होते. त्या वाक्याची आठवण प्रत्येकजण आपापल्या सोयीने करतो.)

ही वाटणी सुरळीत चालली असे नाही. मद्रास सरकारचा जुना जातवार जागावाटपाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केला, तेव्हा राज्याच्या मदतीला संसदच धावली आणि पहिल्या घटनादुरुस्तीने १५ व्या कलमात चौथे पोटकलम घातले गेले. पुढे साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या मागासवर्ग आयोगाने १९५५ मध्ये २,३९९ जातींची अखिल भारतीय यादी सादर केली. तिच्यावर खुद्द अध्यक्षांचाच विश्वास उरला नव्हता आणि केंद्राने ती बाजूला ठेवली. १९६१ मध्ये केंद्राने राज्यांना कळविले की, त्यांनी आपापल्या याद्या कराव्यात. महाराष्ट्राने देशमुख समितीच्या शिफारशींवरून १९६७ मध्ये आपली यादी केली. केंद्राची स्वतःची यादी मंडल आयोगानंतर, १९९० च्या निर्णयातून आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर तयार झाली. त्या निकालाने दोन गोष्टी घालून दिल्या: राखीव जागा सामान्यतः पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, आणि याद्यांतील समावेशाच्या तक्रारी ऐकण्यासाठी केंद्राने व प्रत्येक राज्याने कायमचे मंडळ नेमावे. केंद्राची एक आणि राज्याची एक, अशा दोन याद्या पाव शतकभर शेजारी शेजारी नांदल्या.

मग १५ ऑगस्ट २०१८ पासून १०२ वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिचा घोषित हेतू राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देण्याचा होता आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण त्याबरोबर घटनेत ३४२-अ हे नवे कलम आले. प्रत्येक राज्याच्या संबंधात सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग कोणते हे राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपती ‘या घटनेच्या प्रयोजनांसाठी’ निर्दिष्ट करतील, आणि ‘केंद्रीय यादी’तील समावेश वा वगळणूक संसद कायद्याने करील, अशी त्याची शब्दरचना होती. ‘केंद्रीय यादी’ म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांपुरती केंद्राने केलेली यादी, की आता देशभर एकच उरलेली यादी? आपल्याकडे असे शब्द मसुद्यात शिरतात तेव्हा सभागृहात त्यांच्यावर फारसे कोणी थांबत नाही. राज्यसभेच्या प्रवर समितीच्या अहवालात राज्यांच्या अधिकारांना धक्का लागणार नाही असा निर्वाळा दिलेला होता, आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान झाले.

महाराष्ट्राने याच काळात, ३० नोव्हेंबर २०१८ रोजी, न्या. गायकवाड आयोगाच्या अहवालाच्या आधारे मराठा समाजाला सोळा टक्के राखीव जागा देणारा कायदा केला. म्हणजे नव्या कलमानंतर साडेतीन महिन्यांनी. मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी तो कायदा उचलून धरला आणि प्रमाण शिक्षणात बारा व नोकऱ्यांत तेरा टक्के असावे असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ५ मे २०२१ रोजी तो रद्द केला. त्या निकालाची लोकस्मृतीत राहिलेली बाजू पन्नास टक्क्यांची आहे. पण पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठात एका प्रश्नावर फूट पडली आणि तो प्रश्न यादीचा होता. न्या. नागेश्वर राव, न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. रवींद्र भट या तिघांनी ठरविले की, नव्या कलमानंतर मागास वर्ग ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेलाच नाही. राज्ये फक्त शिफारस करू शकतात. न्या. अशोक भूषण व न्या. अब्दुल नझीर यांचे मत असे की, संसदेचा हेतू तसा नव्हता आणि हेतू पाहूनच अर्थ लावला पाहिजे.

या प्रकरणातील विलक्षण गोष्ट अशी की, दोन्ही सरकारे एकाच बाजूला उभी होती. राज्ये म्हणत होती की आमचा अधिकार गेलेला नाही; केंद्राचे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनीही न्यायालयाला तेच सांगितले. ज्याने अधिकार घेतला असे म्हणावयाचे तो म्हणतो मी घेतला नाही, ज्याचा गेला असे म्हणावयाचे तो म्हणतो माझा गेला नाही, आणि तरीही तीन विरुद्ध दोन मतांनी तो गेलेला होता. बहुमताच्या तर्कात दोष काढणे सोपे नाही. अनुसूचित जातींच्या ३४१ व्या आणि जमातींच्या ३४२ व्या कलमांच्या नमुन्यावर, जवळपास त्याच शब्दांत, नवे कलम बेतल्यावर त्याचा अर्थही तोच होतो, असे न्यायालय म्हणाले. दोष असलाच तर तो कायदा लिहिणाऱ्यांचा आणि न वाचता हात वर करणाऱ्यांचा होता. केंद्राचा पुनर्विलोकनाचा अर्जही फेटाळला गेला. तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये १०५ वी दुरुस्ती आणली गेली. लोकसभेत ती ३८५ विरुद्ध शून्य आणि राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. प्रत्येक राज्य ‘आपल्या स्वतःच्या प्रयोजनांसाठी’ कायद्याने मागास वर्गांची यादी तयार करू शकेल, आणि तिच्यातील नोंदी केंद्रीय यादीहून भिन्न असू शकतील, असे आता घटनेतच लिहिले गेले आहे.

राज्यांचा अधिकार परत आला याचा आनंद त्या वेळी सर्वच पक्षांनी साजरा केला. तो आनंद तपासून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी ‘आपल्या स्वतःच्या प्रयोजनांसाठी’ या शब्दांपाशी थोडे थांबावे लागते.

कुरुंदवाडच्या एखाद्या मराठा विद्यार्थ्याने बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली असे धरू. कोल्हापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. तेथील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यांना २०२१ पासून केंद्राच्या यादीतील इतर मागास वर्गांसाठी सत्तावीस टक्के राखीव जागा लागू आहेत. उरलेल्या जागा राज्य भरते व त्यांना राज्याची यादी लागू पडते. महाराष्ट्राने २० फेब्रुवारी २०२४ रोजी नवा कायदा करून मराठा समाजाला दहा टक्के राखीव जागा दिल्या आहेत. म्हणजे हा मुलगा राज्याच्या जागांसाठी सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आहे. त्याच इमारतीतील, त्याच वर्गातील अखिल भारतीय जागांसाठी तो मागास नाही. उत्पन्न मर्यादेत बसले तर तेथे तो आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करील. तलाठ्याच्या भरतीत तो एक असतो, रेल्वेच्या आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या भरतीत दुसरा. त्याच्या शेजारचा धनगर समाजाचा मुलगा राज्यासाठी भटक्या जमातींच्या ‘क’ गटातला, साडेतीन टक्क्यांचा हक्कदार असतो. केंद्रासाठी तो सत्तावीस टक्क्यांच्या मोठ्या गर्दीतील एक इतर मागासवर्गीय होतो. शिवाय त्याच्या समाजाची मागणी अनुसूचित जमातीत समावेशाची आहे, आणि यादीतील ‘धनगड’ म्हणजे ‘धनगर’च की नाही हा वाद एका अक्षरावर वर्षानुवर्षे अडलेला आहे. ते अक्षर बदलण्याचा अधिकार राज्याला नाही, न्यायालयालाही नाही. हलबा-कोष्टी प्रकरणात महाराष्ट्राने हे २००० मध्येच ऐकून घेतलेले आहे. निवडणुकीच्या सभेत आश्वासन देणाऱ्यांनाही हे माहीत असते.

कुरुंदवाडसारख्या सरहद्दीवरील गावाला याहून एक अधिक अनुभव येतो. दूधगंगा ओलांडली की सदलगा लागते आणि कर्नाटक सुरू होते. कर्नाटकाच्या यादीत मराठा आणि दिगंबर जैन हे दोन्ही समाज ‘३-ब’ या मागास गटात आहेत. शिरोळ तालुक्यात दोन्ही समाज मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्राच्या यादीत मराठा समाजाला २०१४ पर्यंत अशी स्वतंत्र जागा नव्हती. २०१४ चा अध्यादेश उच्च न्यायालयाने रोखला, २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि २०२४ च्या कायद्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. जैनांना अल्पसंख्याक म्हणून काही सवलती मिळतात, पण मागास म्हणून ते येथे गणले जात नाहीत. सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर होते. उसाचे पीक तेच, कारखान्याच्या बिलाची वाट पाहणे तेच, २०१९ च्या महापुराने केलेली हानीही तीच. तरीही सदलग्याचा मामा मागास ठरतो आणि कुरुंदवाडचा भाचा ठरत नाही. १९०२ मध्ये शिरोळ व कुरुंदवाड यांच्यामध्ये जी रेषा होती ती केवळ काही मैल दक्षिणेकडे सरकली आहे.

आणि ही रेषा ओलांडून हक्क बरोबर नेता येत नाही. याविषयीचा गाजलेला निर्णय मुंबईतल्याच एका प्रवेशाचा आहे. आंध्रातील अनुसूचित जमातीत जन्मलेला, पण लहानपणीच वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईला आलेला एक विद्यार्थी सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील राखीव जागेसाठी भांडला. १९९० मध्ये घटनापीठाने मारी चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितले की, यादी त्या त्या राज्याच्या ‘संबंधात’ असते. माणूस राज्य सोडून गेला की मूळ राज्यातील दर्जा त्याच्या मागे जात नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने तेच तत्त्व कायम केले. मागासलेपण ही स्थानिक परिस्थितीची गोष्ट आहे, हा त्यामागील विचार बरोबर आहे. पण तो मान्य केला की राज्याची यादी अधिक खरी आणि केंद्राची अधिक ढोबळ, हेही ओघाने मान्य करावे लागते. व्यवहारात मात्र बळ ढोबळ यादीच्या पाठीशी अधिक आहे.

ते कसे, हे पाहण्यासाठी मोजणीकडे वळावे लागते. शाहू छत्रपतींच्या हुकुमातील एक कलम फारसे उद्धृत होत नाही. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने हुकुमानंतर झालेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक दरबारकडे पाठवावे, असे त्यात म्हटले होते. हक्क देणाऱ्या राजाने हिशेबाची सोयही आपल्याच हाती ठेवली होती. आजच्या राज्य सरकारांना यादी करता येते. पण जनगणना हा सातव्या अनुसूचीतील केंद्राचा विषय आहे. जातवार जनगणना १९३१ नंतर झालेली नाही (१९४१ ची मोजणी युद्धामुळे अपुरी राहिली). २०११ मध्ये केंद्राने सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणी केली, परंतु तिचे जातींविषयीचे आकडे प्रसिद्ध केले नाहीत. इकडे ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सांगितले की, स्थानिक स्वराज्य संस्थांत इतर मागास वर्गांना राखीव जागा द्यावयाच्या तर स्वतंत्र आयोग, संस्थावार वस्तुनिष्ठ माहिती आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा या तिन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतील. माहिती आणावी कोठून? महाराष्ट्राने केंद्राकडे २०११ चे आकडे मागितले. त्यांत चुका फार आहेत, ते वापरण्यायोग्य नाहीत, असे केंद्राने उत्तर दिले, आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने राज्याचा अर्ज फेटाळला. पुढे बांठिया आयोगाने २०२२ मध्ये अहवाल दिला, त्याच्यावर नवे वाद झाले, आणि राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या ताब्यात राहिल्या. नगरपरिषदांचे मतदान अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाले. राखीव जागा कोणाला किती, या वादात सर्वच जातींच्या नागरिकांचा नगरसेवक निवडण्याचा हक्क एवढा काळ खोळंबून राहिला, याची खंत कोणत्याही पक्षाच्या भाषणात ठळकपणे ऐकू आली नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची. महाराष्ट्रात २०१८ पूर्वी राखीव जागा बावन्न टक्के होत्या: अनुसूचित जाती तेरा, जमाती सात, इतर मागास वर्ग एकोणीस, विमुक्त व भटक्या अकरा, विशेष मागास दोन. त्यांत नवी भर घातली की पन्नासाचा प्रश्न येतो आणि राज्याला ‘असाधारण परिस्थिती’ सिद्ध करावी लागते. केंद्राला तशी अडचण पडत नाही. जानेवारी २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून संसदेने आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के जागा दिल्या आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्या वैध ठरविल्या. पन्नासाची मर्यादा त्यांना आडवी आली नाही. तामिळनाडूचे एकोणसत्तर टक्के टिकून आहेत तेही १९९४ मध्ये ७६ व्या घटनादुरुस्तीने त्या राज्याचा कायदा नवव्या अनुसूचीत घातला म्हणून. बिहारने जातवार पाहणी स्वतः करून मर्यादा पासष्टावर नेली, तर पाटणा उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये तो कायदा रद्द केला. संसदेच्या मर्जीतील राज्याला एक न्याय आणि इतरांना दुसरा, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला चूक म्हणणे कठीण आहे. १०५ व्या दुरुस्तीने राज्याला लेखणी मिळाली. कागद आणि पट्टी दिल्लीलाच राहिली.

तथापि सारा दोष दिल्लीच्या माथी मारून राज्य सरकारांची सुटका करणे अप्रामाणिकपणाचे होईल. किल्ली प्रांताच्या हाती देताना घटनाकारांनी विवेकाची अपेक्षा केली होती. महाराष्ट्राच्या वर्तनात तो विवेक क्वचितच दिसतो. मराठा समाजाचा दावा मंडल आयोगाने मानला नाही, २००० मध्ये राष्ट्रीय आयोगाने मानला नाही, २००८ मध्ये न्या. बापट आयोगाने मानला नाही; त्यानंतर मात्र प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर नवी समिती वा नवा आयोग आला आणि त्याचा निष्कर्ष काय असणार हे आधीच ठाऊक असल्यासारखे वातावरण राहिले. गायकवाड आयोगाच्या बाबतीत तर पाचही न्यायमूर्तींनी एकमताने म्हटले की, आयोगाच्याच आकड्यांवरून शासकीय सेवेत या समाजाचे प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे दिसत नाही. त्या आकड्यांच्या मांडणीवर आक्षेप घेता येईल. परंतु मोठ्या शेतकरी समाजातील काही घराण्यांची सत्ता आणि त्याच समाजातील अल्पभूधारकांची दैना ही एकाच सरासरीत घातली की दोन्ही दिसेनाशी होतात, एवढी साधी गोष्ट कोणत्याही आयोगाने नीट उलगडून दाखविलेली नाही. पंचगंगेकाठी एकेकाळी एका घराला पुरणारी जमीन तीन पिढ्यांत वाटली जाऊन गुंठ्यांवर येते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात न पाहताही दिसते. तिच्यावरचा उपाय राखीव जागा हाच आहे की काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारू देत नाही. राखीव जागा असलेली जागा वाटते, नवी जागा निर्माण करीत नाही. आणि भरतीच होत नसेल तर दहा टक्के कशाचे, हे विद्यार्थी एकमेकांत विचारतात, व्यासपीठावर कोणी विचारीत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावरील उपोषणाच्या अखेरीस राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटातील नोंदींच्या आधारे मराठवाड्यातील मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची कार्यपद्धती ठरविणारा निर्णय काढला. साताऱ्याच्या गॅझेटाचाही विचार करण्याचे आश्वासन दिले गेले. म्हणजे निजामाच्या राजवटीतील कारकुनाने कोणती नोंद कोणत्या शब्दांत केली, यावर लोकशाही महाराष्ट्रातील मुलाचा हक्क ठरणार. शेजारच्या गावातील कारकुनाने तोच शब्द लिहिला नसेल तर तो हक्क नाही. इतर मागास वर्गांतील समाजांना आपल्या वाट्यात नवे भागीदार मागील दाराने येत आहेत असे वाटते, आणि ही भीती निराधार आहे असे त्यांना पटवून देण्यासाठी सरकारपाशी आकडे नाहीत. नवी यादी उघडपणे, पुराव्यानिशी करण्याचा अधिकार १०५ व्या दुरुस्तीने राज्याच्या हाती ठेवला असताना ते संस्थानी दप्तरांत दाखले शोधीत आहे. असे करण्यापेक्षा मागासलेपणाचे निकष एकदा जाहीर करून सर्वच मोठ्या शेतकरी जातींना ते सारखेच लावणे अवघड असेल, पण त्यानंतरचे भांडण निदान पुराव्यावर तरी झाले असते.

केंद्र व राज्य यांतील ही वाटणी सुधारावयाची तर राज्यांचा अधिकार काढून घेणे हा मार्ग नव्हे. २०२१ च्या तीन महिन्यांनी ते पुरेसे दाखविले. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींच्या यादीतही पोटवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली आहे. म्हणजे ज्या यादीला डॉ. आंबेडकरांनी केंद्राचे कुलूप लावले होते तिच्या आतील वाटपातही राज्याला आता स्थान मिळाले आहे आणि मातंग समाजाच्या जुन्या मागणीला त्यातून नवे बळ आले आहे. तेथेही निकालाने हेच बजावले आहे की, वाटप आकड्यांवर व्हावे, राजकीय सोयीवर नव्हे. अधिकार खाली येत आहेत आणि आकडे वरच राहत आहेत, अशी ही विचित्र स्थिती आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरविण्यात आली. दारोदार फिरून ही नोंद घेण्याचे काम नेहमीप्रमाणे मुख्यतः राज्याच्याच नोकरांचे आहे: जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, नगरपरिषदेचे कारकून. कुरुंदवाडच्या गल्ल्यांत कोण कुणबी म्हणतो, कोण मराठा म्हणतो, कोण नुसतेच ‘शेतकरी’ सांगतो, हे ते लिहून घेतील आणि माहिती दिल्लीला जाईल. २०११ ची माहितीही अशीच गोळा करून दिल्लीला गेली होती. या वेळची गावनिहाय व जातनिहाय कोष्टके राज्यांच्या मागासवर्ग आयोगांना किती मुदतीत आणि कोणत्या स्वरूपात मिळतील, हे कायद्याने आधीच बांधून घेण्याची मागणी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एकमुखाने करावयास हवी. संसदेत ३८५ विरुद्ध शून्य होऊ शकते, तर विधानसभेत तसे होण्यास हरकत नसावी.